रांग न लावता मिळणारा पोर्तुगीज पासपोर्ट

गोव्यात ‘पोर्तुगीज पासपोर्ट’ एवढे दोन शब्द उच्चारले की घरात लगेच दोन तट पडतात. आजोबांचा १९६१ पूर्वीचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला जन्मदाखला, लिस्बनमधली नोंदणी, वकिलाची फी, तिकडून थेट इंग्लंड गाठलेला मावसभाऊ... हा लेख त्या पासपोर्टाबद्दल नाही. इथला पासपोर्ट म्हणजे खिशात मावणारी एक पुस्तिका. पर्यटन कचेरीत ती थोडक्या पैशांत मिळते, नागरिकत्व कुणी विचारत नाही आणि ती दाखवून एकही सीमा ओलांडता येत नाही. तिचा उपयोग एकच: पोर्तुगालच्या एका जुन्या रस्त्यावरच्या गावांचे शिक्के तिच्यात गोळा करायचे.

रस्त्याचं नाव एस्त्रादा नासियुनाल दोइश, म्हणजे राष्ट्रीय मार्ग क्रमांक दोन. बोलताना सगळे नुसतं ‘एन-दोइश’ म्हणतात. उत्तरेला स्पेनच्या सीमेजवळच्या शाव्हिश गावात याचा शून्याचा दगड आहे. तिथून देशाच्या पोटातून उभा खाली येत तो दक्षिण किनाऱ्यावरच्या फारू शहरात संपतो. लांबी सुमारे ७३९ किलोमीटर, वाटेत ११ जिल्हे आणि ३५ पालिका. १९४५च्या राष्ट्रीय रस्ते आराखड्यात आधीपासूनच्या वाटा एकमेकींना जोडून त्यांना हा एक क्रमांक देण्यात आला. पुढे मोटारवे झाले आणि गाड्या तिकडे वळल्या. मधल्या गावांतली तरुण माणसं तर त्याआधीच फ्रान्सला, नाहीतर लिस्बनला निघून गेली होती. २०१६ मध्ये या रस्त्यावरच्या पालिकांनी एकत्र येऊन संघटना बांधली. शिक्क्यांच्या पासपोर्टामागे हीच संघटना आहे.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत अमेरिकेचा रूट ६६, अर्जेंटिनाचा रूता ४० आणि त्यानंतर आमचाच नंबर, अशी फुशारकी वाचायला मिळते. ती फारशी मनावर घेऊ नका. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा आपला एनएच-४४ तीन हजार सातशे किलोमीटरहून मोठा आहे, त्याच्यापुढे एन-दोइश एका कोपऱ्यात बसेल. या रस्त्याची गंमत लांबीत नाही. एवढ्या थोड्या अंतरात द्राक्षांचे मळे, ग्रॅनाइटचे डोंगर, पाइनची रानं, बुचाच्या झाडांची माळरानं आणि शेवटी समुद्र असा सगळा देश क्रमाने समोर येतो. त्यात गाडी सारखी थांबवावी लागते, हे आणखी बरं.

थांबायला लावण्याचं काम शिक्का करतो. नर्मदा परिक्रमा केलेल्यांना ही रीत समजावून सांगायला नको. परिक्रमावासीच्या वहीत वाटेतले आश्रम आणि ग्रामपंचायती सही-शिक्का देतात, आणि त्या निमित्ताने कुणीतरी ‘बसा, चहा घ्या’ म्हणतं. युरोपात हीच रीत सांतियागोच्या पायी यात्रेत आहे. एन-दोइशचा उत्तरेकडचा भाग विझेउ, लामेगू, व्हिला रियाल आणि शाव्हिश या गावांतून जाणाऱ्या सांतियागोच्या जुन्या यात्रामार्गाला धरूनच जातो, त्यामुळे गाड्यांसाठीची ही पुस्तिका यात्रेकरूंच्या पुस्तिकेवरून सुचली असावी असं मानायला हरकत नाही. फरक एवढाच, की इथे पुण्य कुणी मोजत नाही.

म्हणून आधीच सांगतो. पस्तीसच्या पस्तीस शिक्के मिळवायचेच, अशा हट्टाने निघाल्यास सहल बिघडते. दर वीस किलोमीटरवर कचेरी शोधा, बंद असेल तर चरफडा, उघडी असेल तर ठप्पा घेऊन पळा, असा तो हिशेब होतो. ‘शिक्का कुठून घ्यायचा’ याला ‘शिक्के किती झाले’ यापेक्षा जास्त महत्त्व द्या. या लेखातला बाकीचा सल्ला बराचसा याच एका गोष्टीभोवती आहे.

खरा पासपोर्ट बॅगेतच राहू द्या

ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण आवश्यक आहे. हौसेचा शिक्का भारत सरकारच्या पासपोर्टवर कधीही मारून घेऊ नका. शाव्हिशच्या कॉफीच्या दुकानात कितीही आग्रह झाला तरी नाही. पासपोर्ट सरकारची मालमत्ता असतो. त्यावरची अनधिकृत खूण पुढे एखाद्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला खटकली, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. दोन्ही पुस्तिका एकाच खिशात ठेवायच्या नाहीत, म्हणजे घाईत चुकीची पुढे होणार नाही.

खऱ्या पासपोर्टवर मात्र शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी त्याची फी २०२४च्या जूनपासून ९० युरो आहे, सेवाकेंद्राचा आकार वेगळा. अर्जासोबत प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो. तिथे ‘एन-दोइशने शाव्हिश ते फारू’ एवढं लिहून भागत नाही, रोजचं मुक्कामाचं गाव आणि आरक्षण दाखवावं लागतं. म्हणून फुकट रद्द करता येतील अशी आरक्षणं करा, कारण रस्त्यावर आल्यावर बेत बदलणारच.

गाडी चालवायला आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना न्या. तो आपल्याच आरटीओकडून मिळतो, परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज होतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मोटरसायकल भाड्याने घ्यायची असेल तर दुचाकीचा वर्ग त्यात नोंदलेला आहे ना, हे घरूनच तपासा. या रस्त्यावर दुचाकीस्वार चिक्कार असतात. वाटेतल्या गॉइश गावात दर ऑगस्टमध्ये त्यांचा मोठा मेळा भरतो, तेव्हा आसपास खोली मिळण्याची आशा सोडून द्यावी.

भारतातून पोर्तुगालला थेट विमान नाही. आखातातून किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून पोर्टोला उतरणं सोयीचं, कारण तिथून शाव्हिश साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. गाडी पोर्टोला घेऊन फारूला सोडली तर ‘दुसरीकडे सोडण्याचा’ जादा आकार पडतो. तो बघून दचकू नका, आणि तो वाचवायला पोर्टोला परत जायचा विचारही करू नका. परतीचं इंधन, एका दिवसाचं भाडं आणि एक मुक्काम धरला की हिशेब फिटतो. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगा, तिकडे गिअरची गाडी हाच नेम. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. गाडीत लाल त्रिकोण आणि चकाकणारं जाकीट आहे का ते ताब्यात घेतानाच बघा, दोन्ही कायद्याने सक्तीची आहेत.

पंपावर ‘गासोलियू’ म्हणजे डिझेल आणि ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल. दोन्ही शब्द सारखेच दिसतात. चुकीचं इंधन भरल्यावर गाडी टोचन करून न्यावी लागते, आणि त्याला भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा हात वर करतो. गाडीच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय त्याचा फोटोच काढून ठेवा.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. गावात वेग ५०, बाहेर ९०. चौकांपेक्षा गोल वर्तुळं जास्त, आणि वर्तुळात आधीपासून असलेल्याला पहिला हक्क. रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम, परवान्याला तीन वर्षं झाली नसतील तर त्याहूनही कमी. रस्ता पोर्टवाइनच्या मळ्यांतून जातो, म्हणून हे सांगितलं. चव घ्यायची ती मुक्कामाच्या गावी, चावी खोलीत ठेवल्यावर.

मोबाइलच्या नकाशाशी भांडण

शाव्हिशपासून विझेउपर्यंत ए-२४ हा मोटारवे एन-दोइशला खेटून जातो. २०२५च्या जानेवारीपासून त्याच्यावरचा टोल उठला, त्यामुळे तो आता आणखीनच गोड बोलतो. मोबाइलला ‘विझेउ’ एवढंच सांगितलं तर तो तुम्हाला त्याच्यावर नेऊन सोडेल आणि डोंगर खिडकीतून निघून जातील. सेटिंगमध्ये ‘मोटारवे टाळा’ निवडा आणि पुढचं मोठं शहर न टाकता पुढचं छोटं गाव टाका. एन-दोइशच्या पाट्या सगळीकडे सलग नाहीत. काही तुकड्यांचे क्रमांक बदललेत, काही ठिकाणी नवा रस्ता जुन्यावरूनच गेलाय. रस्त्याकडेचे मैलाचे दगड बघत गेलात तर चुकणार नाही. उत्तरेकडून आलात तर त्यांच्यावरचे आकडे चढत जातात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने शाव्हिशहूनच सुरुवात करावी.

किती दिवस लागतात? पोर्तुगीज पोरं मोटरसायकलवरून तीन दिवसांत संपवतात आणि त्याची बढाई मारतात. तुम्ही आठवडा ठेवा, दहा दिवस मिळाले तर सोन्याहून पिवळं. घाटात ताशी चाळीस-पन्नासच्या वर सरासरी पडत नाही, आणि दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर हे या रस्त्याचं बरोबर माप आहे. जायचा काळ एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. सप्टेंबरात दौरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चालू असते. जुलै-ऑगस्टात दक्षिणेकडच्या अलेंतेजू प्रांतात पारा चाळिशी गाठतो. ऑगस्टची एक बाजू मात्र चांगली आहे: परदेशी गेलेली माणसं सुट्टीला गावी येतात, ओस पडलेल्या गावांत जत्रा भरतात, रात्री चौकात नाच चालतो. ऊन सोसत असेल तर त्यासाठी जायला हरकत नाही.

शिक्का कुणाकडून घ्यावा

पासपोर्ट शाव्हिशच्या पर्यटन कचेरीत घ्या. फारूलाही मिळतो, मधल्या बऱ्याच गावांतही. पहिला शिक्का तिथेच. मग वर्तुळातल्या शून्याच्या दगडाशी फोटो काढायला रांग असेल, तिच्यात उभे राहा. रोमनांनी बांधलेला त्राजानचा पूल चालून बघा. गावाच्या नावाचं पफ पेस्ट्रीचं पॅटिस मिळतं, त्यात वासराचं मांस असतं, हे शाकाहारी वाचकांनी आणि गोमांस न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. काचेमागे ते आपल्या बेकरीतल्या व्हेज पॅटिससारखंच दिसतं.

पर्यटन कचेऱ्यांत गोम अशी, की दुपारी जेवणाला त्या दीड-दोन तास बंद असतात, काही सोमवारी, काही शनिवार-रविवारीही. २५ एप्रिल, १ मे, १० जून, १५ ऑगस्ट, ५ ऑक्टोबर या सार्वजनिक सुट्ट्या कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. पण कचेरी बंद म्हणजे शिक्का गेला, असं नाही. त्याच गावात शिक्का कॉफीच्या दुकानात असतो, छोट्या हॉटेलात असतो, कधी वाइनच्या तळघरात, कधी पेट्रोलपंपावर. आणि अग्निशमन केंद्रात.

अग्निशमन केंद्राचं जरा सविस्तर सांगायला हवं. पोर्तुगालच्या गावांतले बहुतेक ‘बोंबेइरुश’ स्वयंसेवक असतात. दिवसा कुणी गवंडी, कुणी दुकानदार, आणि भोंगा वाजला की आगीवर. रुग्णवाहिकाही तेच चालवतात. केंद्र रात्रंदिवस उघडं असतं, म्हणून रविवारी दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना शिक्का तिथे मिळतो. पद्धत सांभाळा. गाडी त्यांच्या फाटकासमोर लावायची नाही, दारात कुणी घाईत असेल तर बाजूला थांबायचं, आणि धावपळ दिसली तर काही न मागता निघून जायचं. निवांत असतील तर ते जुने बंब दाखवतात. मदतनिधीचा डबा ठेवलेला असतो, त्यात काहीतरी टाका. माझ्या मते या पुस्तिकेतले सगळ्यात मोलाचे शिक्के हेच.

मागायचं कसं? आत शिरल्यावर आधी ‘बों दिया’, दुपारनंतर ‘बोआ तार्द’. नमस्कार न करता पुस्तिका पुढे करणं उद्धटपणा समजला जातो. मग ‘कारिंबू, पुर फावोर’ म्हणजे शिक्का, कृपया. दुकान कॉफीचं असेल तर आधी कॉफी मागवा. छोट्या गावांत ती अजूनही फारच स्वस्त आहे. ती पिऊन होईपर्यंत शेजारच्या टेबलावरचे आजोबा तुम्ही कुठले ते विचारतातच. गोव्याचे असाल तर सांगा. पुढचा अर्धा तास तुमचा नसेल. कुणाचा ना कुणाचा काका पणजीला नाहीतर मडगावला सैन्यात होता असं निघतं, आणि १९६१ बद्दल तुम्हाला एक मत असेल तसं त्यांनाही एक असतं. वाद घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कॉफी संपवून शिक्का घेईन.

शाईचं तंत्र

शिक्का नीट उमटणं हे अर्धं नशीब असतं, उरलेलं अर्धं तुमच्या हातात आहे. आडगावात पॅड कोरडं असतं, मोठ्या कचेरीत नुकतीच शाई ओतलेली असते. शक्य असेल तिथे शिक्का स्वतः मारू द्या अशी विनंती करा, आधी रद्दी कागदावर एक ठप्पा उमटवून बघा. पुस्तिकेच्या खाली सपाट काहीतरी ठेवा, दुकानाचा लाकडी गल्ला बहुधा खडबडीत असतो. शिक्का सरळ टेकवा, हलकेच चारही कडांवर दाब द्या आणि सरळ उचला. फिरवून उचलला की कडा फरफटते. प्रत्येक गावाची जागा पुस्तिकेत ठरलेली आहे, तिथेच घ्या. एकाच गावातला दुसरा आवडला तर कोऱ्या पानांवर.

शाई पाण्याची असते, घामाच्या बोटाने पसरते. पुस्तिकेत टीपकागदाचे दोन-चार तुकडे कापून ठेवा, हल्ली टीपकागद मिळत नसेल तर पातळ टिशू चालतो. पान लगेच मिटायचं नाही. शेजारी पेन्सिलीने तारीख आणि कुठे घेतला ते लिहा, चार दिवसांनी अग्निशमन केंद्र कुठलं आणि कॉफीचं दुकान कुठलं ते आठवत नाही. पेन नको, शिक्का ओला असेल तर पेनची शाई त्यात मिसळते. रात्री मुक्कामाला आल्यावर सगळ्या पानांचा फोटो घ्या. पुस्तिका गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका: उन्हात आवरण वाकडं होतं, आणि काचेतून ती लांबून दिसते.

घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र पासपोर्ट घ्या, विशेषतः मुलांना. गाडीत मागे बसून कंटाळलेलं पोर शिक्क्याच्या आशेने दर गावात पहिलं उतरतं, आणि पोर्तुगीज माणूस मुलांपुढे कायम विरघळतो. बंद झालेली कचेरीसुद्धा उघडते.

कुठे रेंगाळावं, कुठे नाही

व्हिला रियालहून रेग्वाला उतरताना रस्ता दौरूच्या खोऱ्यात शिरतो. डोंगराला पायऱ्या पाडून लावलेले हे द्राक्षमळे १७५६ मध्ये मार्केश द पोंबालने कायद्याने आखून दिले, आणि २००१ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. इथे घाई नको. रेग्वाला दौरूचं संग्रहालय आहे. पलीकडे चढून लामेगूला मुक्काम करा. तिथल्या नोसा सेन्योरा दूश रेमेदियुशच्या देवळाला सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत, निळ्या टाइलांनी सजवलेल्या. जेजुरी चढणाऱ्याला त्या जड जाऊ नयेत. विझेउमध्ये ग्रांव व्हाश्कू या चित्रकाराच्या नावाचं संग्रहालय चुकवू नका.

त्यापुढे सांता कोंबा दांव. या गावाजवळच्या व्हिमिएइरो वस्तीत १८८९ मध्ये हुकूमशहा आंतोनियु द ऑलिव्हेइरा सालाझार जन्मला आणि १९७० मध्ये तिथल्याच स्मशानात त्याचं दफन झालं. गोवा सोडायला ज्याने शेवटपर्यंत नकार दिला, तो हाच. त्याच्या नावाने इथे काही उभारावं का, यावर पोर्तुगालमध्ये अजून वादंग उठतं. गावाचा शिक्का घ्या, हवं तर दफनभूमीपर्यंत जाऊन या. तिथे दिखाऊ असं काही नाही, आणि मला वाटतं तसंच राहिलेलं बरं.

सांता कोंबा ते पेनाकोव्हा हा तुकडा मन लावून चालवा. १९८१च्या आगिएइरा धरणात जुन्या रस्त्याचा भाग बुडाला, म्हणून वाहतूक आयपी-३ या महामार्गावरून जाते. ट्रक वेगात, वळणं फसवी. इथे शिक्क्याचा विचार डोक्यातून काढून टाका आणि आरसे बघा.

पेनाकोव्हानंतर गॉइश, मग पेद्रोगांव ग्रांद. २०१७च्या १७ जूनला इथल्या जंगलात पेटलेल्या वणव्यात ६६ माणसं गेली, त्यांतली बरीच पळून जाताना जवळच्याच एका रस्त्यावर गाड्यांत अडकून. आज त्या रस्त्यावर स्मारक आहे. हा भाग उन्हाळ्यात ओलांडायचा असेल तर सकाळी हॉटेलमध्ये वणव्याची चौकशी करून निघा. धूर दिसला तर पुढे जाऊन बघू म्हणायचं नाही, मागे फिरायचं. तातडीचा क्रमांक ११२. सिगारेटचं थोटूक खिडकीबाहेर टाकणं तर सोडाच, कोरड्या गवतावर गाडीही लावू नका, तापलेल्या सायलेन्सरने ते पेटतं. या गावात अग्निशमन केंद्रातून शिक्का घ्याल तेव्हा वर सांगितलेल्या डब्याची आठवण ठेवा.

गावाबाहेर रस्ता काब्रिल धरणाच्या भिंतीवरूनच जातो. भिंत सव्वाशे मीटरहून उंच आहे. पलीकडे गाडी लावा आणि भिंतीवरून चालत परत या. पुढे व्हिला द रेइजवळच्या टेकडीवर पोर्तुगालचा मध्यबिंदू दाखवणारा सर्वेक्षणाचा मनोरा आहे. निम्मा रस्ता झाला असं इथे वाटतं, आणि जवळपास झालेलाच असतो.

तेजू नदी ओलांडून अब्रांतिश मागे पडलं की देश सपाट होतो. बुचाची झाडं दिसायला लागतात, साल काढलेली, तांबूस बुंध्यांची. सालीवर पांढऱ्या रंगात एक आकडा असतो, तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक, कारण पुढची सोलणी नऊ वर्षांनीच करता येते. इथले शिक्के लांब-लांब अंतरावर आहेत. मोंतार्जिलच्या जलाशयाकाठी, मोराच्या गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात, मोंतमोर-ऊ-नोव्हूच्या किल्ल्याखाली थांबत जा. अल्कासोव्हश मात्र चुकवू नका. १४७९ मध्ये कास्तील आणि पोर्तुगाल यांच्यात इथे तह झाला, त्यात समुद्राची वाटणीही झाली. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली जायची वाट त्यात पोर्तुगालकडे राहिली, आणि गोव्यापर्यंतचा प्रवास त्याच वाटेने झाला. आज गाव ओळखलं जातं ते गुरांच्या गळ्यातल्या घंटा बनवण्यासाठी. २०१५ पासून ती कला युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशांत आहे. कारागिराकडून एक छोटी घंटा विकत घ्या, शिक्क्यापेक्षा ती जास्त टिकेल.

शाकाहाऱ्यांची उत्तरेत जरा आबाळ होते. हिरव्या पालेभाजीच्या ‘काल्दू व्हेर्द’ सूपमध्येही डुकराच्या सॉसेजची चकती टाकलेली असते, ‘सें कार्न’ म्हणून ती वगळायला सांगा, पण सूप कशाच्या पाण्यात शिजलंय तेही विचारा. अलेंतेजूत चंगळ आहे. लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल, गरम पाणी आणि शिळा पाव यांची ‘आसोर्डा’ मिळते, अंडं खाणाऱ्यांना वरून एक अर्धकच्चं अंडं. एवढी कोथिंबीर युरोपात दुसरीकडे क्वचितच भेटते. चीज, ऑलिव्ह आणि पाव गाडीत कायम असू द्या, रविवारी संध्याकाळी गावात काहीच उघडं नसतं.

काश्त्रू व्हेर्द, अल्मोदोव्हार, आणि मग शेवटचा घाट. अल्मोदोव्हार ते सांव ब्राश द अल्पोर्तेल हा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा वारसा-रस्ता म्हणून जपलेला आहे. काल्देइरांवच्या डोंगरांत वळणांवर वळणं, वर्षाच्या दिवसांइतकी आहेत असं स्थानिक लोक सांगतात. वाटेत रस्त्याची देखभाल करणाऱ्या कामगारांची जुनी घरं दिसतात. गाडी लागणाऱ्याने गोळी अल्मोदोव्हारलाच घ्यावी. सकाळी निघा, दुपारी सूर्य समोर येतो.

फारूला शेवटचा शिक्का आणि ७३८चा दगड. गाडी विमानतळावर सोडायची असेल तर टाकी भरून, आणि आतून-बाहेरून फोटो काढून. शिक्क्यांची पुस्तिका हातसामानात. लिस्बनहून परतीचं विमान असेल तर फारूहून रेल्वे तीन-साडेतीन तासांत तिथे पोचवते.

ज्यांच्याकडे तीनच दिवस आहेत, त्यांनी सगळा रस्ता पळत संपवायच्या फंदात पडू नये. पोर्टोहून शाव्हिश गाठा, पुस्तिका घ्या आणि विझेउपर्यंत या. घाट, मळे, नदी, लामेगूच्या पायऱ्या आणि बरेच शिक्के एवढ्यात होतात. विझेउहून पोर्टो दोन तासांच्या आत आहे. बाकीची पानं कोरी राहिली तरी पुस्तिकेला मुदत नसते. पुढच्या वेळी फारूहून उलटं निघालात, तरी ती तितकीच चालते.